वूलची केस: प्रकाशक स्वतःहून आला तेव्हा लेखकाने काय विकलं, काय राखून ठेवलं

मागच्या महिन्यात एका मैत्रिणीने मला एक मेल वाचायला दिला, पाठवायच्या आधी जरा नजर टाक म्हणाली. मेल एका लिटररी एजंटला होता, म्हणजे लेखकाचं पुस्तक प्रकाशकाला विकून देणाऱ्या मध्यस्थाला. ती इंग्रजीत रहस्यकथा लिहिते, पहिली कादंबरी तिने स्वतःच ईबुक म्हणून टाकलेली आणि आता तीच कादंबरी कुठल्यातरी 'खऱ्या' प्रकाशकाकडे जावी अशी तिची इच्छा. पहिली ओळ अशी, की माझं पुस्तक ऑलरेडी प्रकाशित आहे आणि त्याला सगळे फाइव्ह स्टार रिव्ह्यू आहेत. मग दोन परिच्छेद पुस्तकाचं कौतुक, मग मालिकेचा दुसरा भाग लिहायचा विचार चालू आहे, आणि शेवटी तुम्ही मला चांगला प्रकाशक मिळवून द्याल का. मी विचारलं, प्रती किती खपल्या? तर म्हणे, अगं ते नको लिहायला, ते कमी आहेत.

मी तिला मेल बाजूला ठेवायला लावला आणि ह्यू हाउई या अमेरिकन लेखकाची, त्याच्या 'वूल' या सायन्स फिक्शन पुस्तकाची केस सांगत बसले, चांगला तासभर गेला. तीच इथे नीट लिहून काढतेय. सेल्फ-पब्लिशिंगमधून मोठ्या प्रकाशकाकडे गेलेल्या लोकांच्या गोष्टी खूप फिरतात, पण त्या बहुतेक 'बघा, शेवटी मिळालं की नाही' एवढ्यावरच संपतात. मला या केसमध्ये त्याला काय मिळालं यापेक्षा त्याने काय द्यायला नकार दिला यात जास्त रस आहे, आणि तो नकार त्याला परवडला कसा यात तर अजूनच.

वूलच्या आधी

हाउई हा काही साहित्याच्या वर्तुळातला माणूस नव्हता. यॉटचा कॅप्टन म्हणून काम केलेलं, छपरं घालायची कामं केलेली, आणि लिहायला लागला तेव्हा अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनामधल्या एका विद्यापीठाच्या पुस्तकांच्या दुकानात नोकरी. कामाच्या आधी आणि जेवणाच्या सुट्टीत लिहायचा. त्याची पहिली सायन्स फिक्शन कादंबरी २००९ मध्ये एका छोट्या प्रेसने काढली, म्हणजे पारंपरिक मार्ग त्याने बघितलेला होता, नकार खाऊन खाऊन वैतागला आणि मग सेल्फ-पब्लिशिंगकडे वळला असली स्टोरी नाहीये ती. छोटी प्रेस जे करत होती ते आपल्यालाही करता येईल असं त्याला वाटलं आणि तो वेगळा झाला. त्यानंतर दोन वर्षांत त्याने सहा-सात पुस्तकं स्वतः काढली. त्यांच्या मागे लागला, प्रमोशन केलं, खप बेताचाच.

हा भाग लोक गाळतात. वूल हे त्याचं पहिलं पुस्तक नव्हतं, आणि जे चाललं ते नेमकं तेच ज्याच्या मागे तो लागला नव्हता!

जुलै २०११ मध्ये त्याने 'वूल' नावाची एक दीर्घकथा ॲमेझॉनच्या किंडलवर ईबुक म्हणून टाकली. साठेक पानांची. जमिनीखाली १४४ मजले खोल एका सायलोमध्ये राहणारी माणसं, बाहेरची हवा विषारी, आणि बाहेर जायची इच्छा बोलून दाखवणं हाच सगळ्यात मोठा गुन्हा. किंमत ९९ सेंट. जाहिरात काही नाही. त्या किमतीला ॲमेझॉन ३५ टक्के रॉयल्टी देतं म्हणजे एका प्रतीमागे हातात साधारण ३५ सेंट. पैसा म्हणून याला काही अर्थ नाही. पण ९९ सेंटला अनोळखी लेखकाची साठ पानं कोणीही घेऊन बघतं, आणि साठ पानं एका बैठकीत संपतात, आणि ही कथा अशा ठिकाणी संपते की वाचणारा माणूस दोन मिनिटं तसाच बसून राहतो आणि मग रिव्ह्यू लिहायला जातो.

आणि रिव्ह्यूमध्ये लोक काय लिहायला लागले? पुढे काय झालं. ऑक्टोबरपर्यंत महिन्याला हजारेक प्रती जायला लागल्या. आधीच्या पुस्तकांचा खप बघता त्याच्यासाठी हे भलतंच होतं. त्याच्या हातात तेव्हा दुसरंच काहीतरी होतं, ते त्याने सोडून दिलं आणि नोव्हेंबरपासून वूलचे पुढचे भाग लिहायला बसला. जानेवारी २०१२ पर्यंत पाच भाग आणि पाचही एकत्र करून एक ऑम्निबस, ५.९९ डॉलरला.

इथे जरा थांबते कारण माझ्या मते एजंट आणि प्रकाशकांचं लक्ष ओढलं गेलं ते या तीन महिन्यांत. भाग एकामागून एक आले त्यामुळे दर काही आठवड्यांनी एक नवीन पुस्तक यादीत, आणि पहिला भाग वाचून दुसरा घेणारे किती, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाणारे किती हे त्याला स्वतःच्या डॅशबोर्डवर रोज दिसत होतं. इंग्रजीत काम करणारे याला सेल-थ्रू म्हणतात. एखादं पुस्तक एकदाच दोन हजार खपलं तर त्यात नातेवाईक, मित्रमंडळी, ऑफर, एखादी लकी पोस्ट असं काहीही असू शकतं. पण पहिला भाग वाचलेला अनोळखी माणूस पैसे देऊन दुसरा घेतो, तिसरा घेतो, हे खोटं करता येत नाही. विकणाऱ्या कोणालाही हे लगेच कळतं, पुस्तकांच्या धंद्यातला असो नाहीतर नसो.

नशीब होतंच यात, त्याबद्दल वाद नाही. काळही बरोबर होता, किंडल हातात नवीन आलेली भरपूर माणसं वाचायला स्वस्त काहीतरी शोधत होती आणि आजच्याइतकी गर्दी नव्हती. आज तीच कथा ९९ सेंटला गुपचूप टाकून दिली तर कदाचित कोणाला दिसणारही नाही.

एजंट

२०१२ च्या सुरुवातीला एजंटांचे मेल यायला लागले. हाउईची भूमिका अशी की मला तुमची गरज का आहे ते मला सांगा. क्रिस्टिन नेल्सन ही डेन्व्हरची एजंट, तिच्याशी त्याचं जमलं आणि जमायचं कारण मला फार महत्त्वाचं वाटतं, तिने सरळ मान्य केलं की अमेरिकेतल्या प्रकाशकांकडून जे कॉन्ट्रॅक्ट येतं त्यापेक्षा तू आत्ता जे करतोयस तेच तुझ्यासाठी बरं असू शकेल. एजंटला पैसे मिळतात ते डील झालं तरच, नेहमीचा दर म्हणजे देशातल्या डीलवर १५ टक्के आणि परदेशी हक्कांवर २०. तरीही ती असं बोलते म्हणजे तिला कळलंय की हा माणूस घाईत नाहीये.

मग तिने आधी काय केलं तर ज्या गोष्टींनी त्याच्या ईबुकला हातही लागत नाही त्या विकायला काढल्या. हे समजून घ्यायला एक गोष्ट डोक्यात पक्की हवी, पुस्तकाचे हक्क हा एक गठ्ठा नसतो. छापील वेगळे, ईबुक वेगळे, ऑडिओ वेगळे, भाषांतर प्रत्येक भाषेचं वेगळं, सिनेमा-मालिका वेगळं, आणि परत देशाप्रमाणे वाटण्या. प्रकाशकाला अर्थातच सगळं एकत्र हवं असतं आणि नवा लेखक आनंदाच्या भरात सगळं एकत्र देऊन टाकतो. इथे मे २०१२ मध्ये सिनेमाचे हक्क ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सकडे गेले, रिडली स्कॉटचं नाव त्याच्याशी जोडलेलं, ब्रिटनमध्ये रँडम हाउसच्या सेंच्युरी इम्प्रिंटने (म्हणजे प्रकाशकाच्या वेगळ्या नावाने चालणाऱ्या शाखेने) पुस्तक घेतलं, बाकीच्या भाषांचे हक्क देशोदेशी विकले जात होते. हे सगळं होत असताना अमेरिकेतलं ईबुक रोज आपलं खपतच होतं, त्याच्याच नावावर.

या क्रमाचा फायदा बघा. सिनेमाची बातमी आली की ईबुक वर जातं, ईबुक वर गेलं की परदेशी प्रकाशक जागे होतात, आणि न्यूयॉर्कमधले प्रकाशक हे सगळं बघत बसलेत. एजंट दर वेळी त्यांच्याकडे जाते तेव्हा आधीपेक्षा मोठा आकडा घेऊन जाते.

नकार, आणि त्याचा हिशोब

अमेरिकन प्रकाशकांच्या ऑफर आल्या, आणि सात आकडी आल्या, म्हणजे दहा लाख डॉलरच्या वरच्या. त्याने नाही म्हटलं. कारण प्रत्येकीत ईबुकचे हक्क सोडायची अट.

हे ऐकून माझी मैत्रीण म्हणाली, वेडा आहे का तो. मग आम्ही कागद घेऊन बसलो. आकडेमोड आमची आहे, त्याच्या खऱ्या कॉन्ट्रॅक्टमधली नाही, पण दर खरे आहेत.

किंडलवर २.९९ ते ९.९९ डॉलर या किमतीत ७० टक्के रॉयल्टी मिळते. ऑम्निबस ५.९९, म्हणजे एका प्रतीमागे साधारण ४.१९ डॉलर, त्यातून फाइल डिलिव्हरीचे काही सेंट कापले जातात ते सोडून देऊ. आता तेच ईबुक प्रकाशकाकडे गेलं असं धरा. प्रकाशक किंमत वाढवणार, समजा ९.९९ केली. दुकानाचा वाटा जाऊन प्रकाशकाकडे सात डॉलर आले. मोठ्या प्रकाशकांचा ईबुकचा ठरलेला दर म्हणजे हातात आलेल्या रकमेच्या २५ टक्के, म्हणजे लेखकाला १.७५. त्यातून एजंटचे १५ टक्के गेले की उरतात १.४९. किंमत चार डॉलरने वाढली, लेखकाच्या हातातले २.७० डॉलर गेले, आणि किंमत वाढल्यामुळे खप कमी होणार तो वेगळाच.

दहा लाखांच्या ॲडव्हान्सचं, म्हणजे पुढच्या रॉयल्टीपोटी आधीच मिळणाऱ्या रकमेचं काय मग? एजंटचे १५ टक्के काढले की साडेआठ लाख. ४.१९ ने भागा. दोन लाख तीन हजार प्रती. एवढी ऑम्निबस त्याने स्वतः विकली की तो ॲडव्हान्स न घेताच हातात आला, आणि त्यापुढची प्रत्येक प्रत परत ४.१९ ची, कोणाचं काही फेडायचं नाही. मार्च २०१३ पर्यंत सगळे भाग मिळून पाच लाखांच्या वर प्रती गेल्याचं छापून आलं होतं. त्यात स्वस्तातले सुटे भागही आले म्हणून सरळ गुणाकार करता येणार नाही, पण तो वेडा नव्हता एवढं आमच्या कागदावर दिसलं. मैत्रीण मग कागदाकडे बघत गप्प बसली होती थोडा वेळ.

अजून एक गोष्ट जी कागदावर येत नाही. नेहमीचं कॉन्ट्रॅक्ट कॉपीराइट संपेपर्यंत चालतं, म्हणजे अमेरिकेत लेखकाचं आयुष्य अधिक ७० वर्षं, मध्ये हक्क परत यायची सोय कलमात नीट लिहिली नसेल तर. पूर्वी पुस्तक आउट ऑफ प्रिंट झालं की हक्क परत मागता यायचे. ईबुक कधी आउट ऑफ प्रिंट होतच नाही, सर्व्हरवर पडून असतं, वर्षाला चार प्रती खपल्या तरी 'उपलब्ध'. म्हणून आता हक्क परत यायचं कलम खपाच्या किंवा रॉयल्टीच्या किमान आकड्याला बांधून घ्यावं लागतं. हे एजंट करते, करायलाच पाहिजे, आणि एजंट नसेल तर कॉन्ट्रॅक्ट वाचणारा वकील तरी हवाच हवा.

डिसेंबर २०१२ मध्ये सायमन अँड शुस्टर हा मोठा अमेरिकन प्रकाशक तयार झाला. अमेरिका आणि कॅनडात फक्त छापील पुस्तक, रक्कम सहा आकडी, ईबुक हाउईकडेच. म्हणजे सात आकडी सोडून सहा आकडी घेतली आणि लोकांनी त्याला विजय म्हटलं, तो होताच.

हे अगदी आभाळातून पडलेलं नव्हतं. याच प्रकाशकाने ऑगस्ट २०११ मध्ये जॉन लॉक या दुसऱ्या सेल्फ-पब्लिश्ड लेखकाशी छापील पुस्तकं दुकानांत पोचवायचा करार केला होता, पण तो निव्वळ वितरणाचा, संपादन वगैरे लेखकाचं लेखकाकडे. वूलच्या बाबतीत प्रकाशक पूर्ण अर्थाने प्रकाशक होता, फक्त ईबुकशिवाय. प्रकाशकांना हे का नको असतं तेही समजण्यासारखं आहे, म्हणजे मला त्यांचा राग वगैरे नाही, छापायचा खर्च, गोदाम, दुकानातून परत येणाऱ्या प्रती ही सगळी जोखीम त्यांची आणि ज्यात छपाई नाही, गोदाम नाही, परत येणाऱ्या प्रती नाहीत तो फॉरमॅट मात्र लेखकाचा. कोण कशाला हो म्हणेल? हो म्हणायचं एकच कारण असू शकतं, हा लेखक आमच्याशिवायही उद्या उठून हेच करत राहणार आहे हे त्यांना दिसत होतं.

मग हाउईला प्रकाशक हवाच कशाला होता, असं मैत्रिणीने विचारलं. बरोबर प्रश्न. तो पुस्तकांच्या दुकानात काम केलेला माणूस, त्याला माहीत होतं की दुकानदार मागणीनुसार छापलेली पुस्तकं टेबलावर ठेवत नाही. दुकानदाराला डिस्काउंट लागतो, न खपलेल्या प्रती परत घेणारा कोणीतरी लागतो, आणि ऑर्डर घ्यायला येणारा ओळखीचा सेल्समन लागतो. ते तंत्र मोठ्या प्रकाशकाकडे आहे, एकट्या लेखकाला ते उभं करता येत नाही. म्हणजे जे स्वतःला जमत नव्हतं तेवढंच त्याने विकलं.

उलटा निर्णय घेतलेले

केस एकाच माणसाची आहे पण शेजारी दोन नावं ठेवल्याशिवाय ती नीट दिसत नाही.

अँडी विअरने 'द मार्शियन' आपल्या वेबसाइटवर प्रकरणा-प्रकरणाने फुकट टाकली, विज्ञान चुकलं की वाचकच दुरुस्त करायचे, मग वाचकांनी किंडलवर मागितली म्हणून ९९ सेंटला ठेवली. त्याने आधी एजंट शोधून पाहिले होते, मिळाले नव्हते. यावेळी एजंट त्याच्याकडे आला. ऑडिओचे हक्क पोडियम नावाच्या कंपनीला आधीच गेलेले, आणि २०१३ मध्ये क्राउन या प्रकाशकाने पुस्तक घेतलं ते ईबुकसकट, त्याची स्वतःची ९९ सेंटवाली आवृत्ती काढून टाकली गेली. फेब्रुवारी २०१४ ला पुस्तक, २०१५ ला सिनेमा. त्याने चूक केली का? मला नाही वाटत. तो प्रोग्रामर होता, नोकरी होती, ९९ सेंटच्या एका पुस्तकावर त्याची काही मोठी कमाई चालू नव्हती जी त्याला राखायची होती. हाउईकडे राखण्यासारखं रोजचं उत्पन्न होतं, विअरकडे तेव्हा नव्हतं.

अमांडा हॉकिंगने मार्च २०११ मध्ये सेंट मार्टिन्स या प्रकाशकाशी चार पुस्तकांचा वीस लाख डॉलरच्या वरचा करार केला, तोपर्यंत तिची स्वतःची ईबुकं धो धो खपत होती. तिचं म्हणणं साधं होतं, कव्हर, फॉरमॅटिंग, एडिटर शोधणं, मेल यातच सगळा वेळ जातो आणि मला लिहायचंय. हेही पटतं. स्वतः प्रकाशक होणं ही एक नोकरीच आहे आणि प्रत्येकाला ती हवी असते असं नाही, मला विचाराल तर बहुतेकांना नकोच असते, फक्त सुरू करताना हे कोणी सांगत नाही.

फक्त छापील हक्कांचा करार त्यानंतर बरीच वर्षं दुर्मिळच राहिला. अलीकडे परत दिसायला लागलाय, विशेषतः रोमान्समध्ये. सोर्सबुक्स या प्रकाशकाने २०२१ मध्ये ब्लूम बुक्स हा इम्प्रिंट काढला तो बऱ्याच अंशी अशाच लेखिकांवर उभा आहे, ज्यांची ईबुकं स्वतःची आणि छापील पुस्तकं दुकानात इम्प्रिंटच्या नावाने. आकडा मोठा असला की नियम वाकतात, २०१२ मध्येही आणि आताही.

मैत्रिणीच्या मेलकडे परत

हे सगळं ऐकून झाल्यावर ती म्हणाली, माझं काय मग, माझ्या तर शंभरेक प्रती गेल्यात, त्यातल्या निम्म्या तूच विकायला लावल्यास.

शंभरेक प्रती हा काही गुन्हा नाही. पण त्या पुस्तकासाठी एजंटकडे जाणं अवघड आहे, त्याची कारणं धंद्याची आहेत, पुस्तक चांगलं की वाईट हा मुद्दा त्यात येतच नाही. एक तर पहिल्या प्रकाशनाचा हक्क वापरून झालाय, प्रकाशकाच्या दृष्टीने हे पुनर्मुद्रण, आणि पुनर्मुद्रण तेव्हाच घेतात जेव्हा मागणी दिसते. दुसरं म्हणजे आकडा लपत नाही. छापील प्रती आयएसबीएनवर, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकावर विकल्या गेल्या की अमेरिकेत बुकस्कॅनसारख्या सेवांमध्ये त्यांची नोंद दिसते, ईबुकचा आकडा तिथे येत नाही पण एजंट सरळ विचारते आणि स्टेटमेंट मागते. रँकिंग तर कोणीही बघू शकतं. तिसरं, मालिकेचा दुसरा भाग विकायचा तर प्रकाशकाला पहिल्याचं ओझं घ्यावं लागतं, ते कोणी घेत नाही.

म्हणून मी तिला सांगितलं ते एवढंच, की एजंटला नवं पुस्तक पाठव, मालिकेबाहेरचं, कुठेही न टाकलेलं. आधीच्या पुस्तकाचा उल्लेख एका ओळीत, खरा, आकडा विचारला तर खरा आकडा. आणि जुन्या पुस्तकाचं काही करायचंच असेल तर ते वाचकांच्या बाजूने कर, दुसरा भाग लिही, पहिल्याची किंमत उतरव, आणि पहिला वाचणाऱ्यांपैकी किती दुसऱ्याकडे जातात ते बघ. तो आकडा चांगला आला तर मेल लिहायला विषय मिळेल, नाही आला तर पहिल्या भागाचा शेवट परत वाचून बघायला लागेल, तेही वाईट नाही.

मग आम्ही तिची कागदपत्रं काढली. ईबुक किंडलच्या एक्सक्लूझिव्ह योजनेत घातलेलं होतं, ९० दिवसांची मुदत आणि आपोआप रिन्यू होण्याची टिक चालूच. म्हणजे उद्या कोणी ईबुकबद्दल विचारलं तर मुदत संपेपर्यंत दुसरीकडे कुठे ठेवता येणार नाही, हे तिला माहीतच नव्हतं. कव्हरच्या चित्राचे हक्क कोणाकडे, तर चित्र काढणाऱ्या मुलाकडे, लेखी काहीच नाही, फोनवर 'हो हो वापर' एवढंच. ऑडिओ, भाषांतर, सिनेमा काही दिलेलं नाही, ते सगळं तिच्याकडे, हे बरं झालं. हा कागद प्रत्येक सेल्फ-पब्लिश्ड लेखकाकडे तयार हवा, कुठला हक्क कोणाकडे आणि कधीपर्यंत, एक पान पुरतं. ज्यांनी पैसे घेऊन छापून देणाऱ्या कंपन्यांकडून पुस्तक काढलंय त्यांनी तर जुनं कॉन्ट्रॅक्ट आजच काढून वाचावं, कधी कधी त्यात हक्क अडकलेले असतात आणि एजंट पहिल्याच फोनवर हे विचारते.

तिच्या इनबॉक्समध्ये आणखी एक मेल निघाला, जो ती मला दाखवणारच नव्हती. कोणीतरी एका मोठ्या प्रकाशकाचं नाव घेऊन लिहिलेलं, तुमच्या कादंबरीने आमची टीम भारावून गेली आहे, संपादकांसमोर पिच करायला एक प्रोफेशनल पॅकेज लागेल, त्याची फी अशी अशी. पत्ता साध्या फुकटच्या मेल अकाउंटचा. कादंबरीतल्या एकाही पात्राचं नाव नाही. मी म्हटलं अगं, वाचलेली असती तर निदान इन्स्पेक्टरचं नाव तरी आलं असतं ना. हाउईकडे, विअरकडे जे आले त्यांनी पुस्तक वाचलेलं होतं आणि एक पैसा मागितला नव्हता, एजंट वाचायची फी घेत नाही, कमिशन डील झाल्यावर आणि त्यातूनच. तो मेल तिने डिलीट केला, जरा जड मनानेच, कारण कौतुक छान लिहिलं होतं.

सध्या परिस्थिती अशी आहे की दुसऱ्या भागाची सहा प्रकरणं झालीत, एक्सक्लूझिव्हची टिक काढलीये, चित्रवाल्या मुलाकडून दोन ओळी लेखी घेतल्यात. एजंटचा मेल नव्याने लिहिलाय, नव्या कादंबरीसाठी, आणि चांगला झालाय खरं तर. फक्त फाइव्ह स्टारची ती ओळ तिने अजून काढलेली नाही, तळाला नेऊन ठेवलीये, आणि त्यावरून आमचं भांडण चालू आहे.